कोण निवडून येणार? अंदाजांचे गणित आणि आपले मत

२० नोव्हेंबर २०२४ ला महाराष्ट्रात विधानसभेच्या सर्व २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झाले. मतमोजणी २३ नोव्हेंबरला झाली. अर्ज मागे घेण्याची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि चार हजारांहून अधिक उमेदवार रिंगणात उरले. राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते. बहुमतासाठी १४५ जागा लागतात.

त्या काळात जुम्म्याच्या नमाजनंतर मस्जिदीबाहेर, चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या दस्तरखानावर आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न विचारला जात होता, "काय वाटतं, कोण येणार?" प्रत्येकाकडे उत्तर तयार असते. कोणी सभेची गर्दी पाहून सांगतो, कोणी मोबाईलवर आलेला संदेश वाचून दाखवतो, तर कोणी "आतली बातमी आहे" म्हणून आवाज खाली आणतो.

अंदाज बांधण्यात गैर काहीच नाही. पण हा अंदाज नुसता गप्पांचा विषय राहत नाही. "तो येणारच नाही, मग मत वाया का घालवायचे?" असे म्हणून अनेक घरांत मत बदलले जाते, आणि "तो तर आलाच आहे" असे म्हणून अनेक जण मतदानालाच जात नाहीत. म्हणजे ऐकीव अंदाजावर आपण आपला हक्क दुसऱ्याच्या हाती देतो. म्हणून उमेदवारांच्या यशाचे अंदाज कसे बांधले जातात, ते कुठे खरे ठरतात, कुठे फसतात, आणि आपण त्यांना किती महत्त्व द्यावे, हे समजून घेणे आम्हाला गरजेचे वाटते.

जुने आकडे, बदललेले मैदान

कोणताही अभ्यासू कार्यकर्ता सुरुवात करतो ती मागच्या निकालापासून. मागच्या वेळी कोण, किती मतांनी जिंकला? निवडणूक आयोग मतदान केंद्रनिहाय निकाल 'नमुना २०' या तक्त्यात जाहीर करतो. कोणत्या गल्लीतून, कोणत्या शाळेतल्या केंद्रावरून कोणाला किती मते मिळाली हे त्यात दिसते. पक्षांची खरी आखणी सभांच्या मंचावर नव्हे, तर या तक्त्यावर होते.

पण २०२४ मध्ये जुना तक्ता जसाच्या तसा वापरता येत नव्हता. २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना एका बाजूला होते, काँग्रेस आणि राष्ट्रवादी दुसऱ्या बाजूला. निकाल लागला तेव्हा भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४ आणि काँग्रेस ४४ अशा जागा होत्या. त्यानंतर २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी फुटली. धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे गेला, घड्याळ अजित पवारांकडे गेले. उद्धव ठाकरे यांच्याकडे मशाल आली, शरद पवार यांच्याकडे तुतारी वाजवणारा माणूस. २०१९ मध्ये घड्याळाला पडलेली मते २०२४ मध्ये घड्याळाची मानायची की तुतारीची? याचे उत्तर गावागणिक वेगळे होते.

दुसरा आधार म्हणजे त्याच वर्षीची, २०२४ ची लोकसभा निवडणूक. राज्यातील ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला, १७ महायुतीला मिळाल्या आणि सांगलीत अपक्ष उमेदवार जिंकला. जागांकडे पाहिले तर एकतर्फी निकाल वाटतो. मतांकडे पाहिले तर दोन्ही आघाड्यांत एक टक्क्याहूनही कमी अंतर आहे. मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघात तर रवींद्र वायकर अवघ्या ४८ मतांनी निवडून आले. म्हणून "लोकसभेला असे झाले, म्हणजे विधानसभेलाही तसेच होणार" असे जे ठामपणे सांगत होते, त्यांनी हा एक टक्का डोळ्यांसमोर ठेवायला हवा होता. शंभरातल्या एका-दोघांनी विचार बदलला तरी चित्र उलटू शकते.

एकच शहर, दोन निवडणुका

आपल्या समाजात लोकसभेच्या निकालानंतर सर्वाधिक चर्चा झाली ती धुळे मतदारसंघाची. त्यातील सहा विधानसभा क्षेत्रांपैकी पाचांत भाजपचे सुभाष भामरे पुढे होते. सहावे क्षेत्र मालेगाव मध्य. तिथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांना सुमारे १ लाख ९४ हजारांची आघाडी मिळाली आणि त्या ३,८३१ मतांनी निवडून आल्या.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तेच मालेगाव मध्य विधानसभेसाठी मतदान करणार होते, पण तिथे गणित पूर्ण वेगळे होते. २०१९ मध्ये एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल यांनी काँग्रेसचे आसिफ शेख यांचा ३८,५१९ मतांनी पराभव केला होता. २०२४ मध्ये मुफ्ती साहेब पुन्हा एमआयएमकडून उभे होते. आसिफ शेख स्वतःचा नवा पक्ष घेऊन आले होते. समाजवादी पक्षाकडून निहाल अहमद यांच्या कन्या शान-ए-हिंद होत्या आणि काँग्रेसकडून एजाज बेग. जे मतदार मे महिन्यात एका चिन्हामागे उभे राहिले, ते नोव्हेंबरमध्ये चार ठिकाणी विभागणार होते. यात आश्चर्य काही नाही. मे महिन्यात प्रश्न दिल्लीचा होता, नोव्हेंबरमध्ये प्रश्न शहरातले रस्ते, पाणी, यंत्रमाग आणि जुन्या राजकीय घराण्यांच्या निष्ठांचा होता. मागची ३८ हजारांची आघाडी मोठी दिसत होती, पण चौरंगी लढतीत ती किती टिकेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हते.

"मुस्लिम मते एकगठ्ठा पडतात" असे वृत्तवाहिन्यांवर वारंवार ऐकू येते. मालेगावची विधानसभा निवडणूक ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे वाक्य ऐकून हसू येते.

तिसऱ्या उमेदवाराचे वजन

आम्ही शिक्षक असल्याने फळ्यावरचे एक उदाहरण देतो. समजा, एका मतदारसंघात २ लाख वैध मते पडली. पहिल्याला ८० हजार, दुसऱ्याला ७० हजार, तिसऱ्याला ४० हजार आणि बाकीच्यांना मिळून १० हजार. पहिला जिंकला, पण १ लाख २० हजार मते त्याच्या विरोधात होती. आपल्या पद्धतीत निम्म्याहून अधिक मते मिळवण्याची अट नाही, इतरांपेक्षा एक मत जास्त असले तरी पुरते. त्यामुळे उमेदवाराची शक्यता तपासताना त्याची स्वतःची ताकद जितकी महत्त्वाची, तितकेच समोरची मते किती ठिकाणी फुटतात हेही महत्त्वाचे.

औरंगाबादची लोकसभा हे याचे ठळक उदाहरण. २०१९ मध्ये इम्तियाज जलील ४,४९२ मतांनी निवडून आले. त्या वेळी अपक्ष हर्षवर्धन जाधव यांनी २ लाख ८० हजारांवर मते घेतली होती. २०२४ मध्ये तसा मोठा अपक्ष नव्हता आणि संदिपान भुमरे १ लाख ३४ हजारांवर मतांनी विजयी झाले. दोन्ही निकालांत उमेदवारांच्या गुणदोषांइतकाच मैदानातल्या गर्दीचा वाटा होता.

बंडखोरही असेच चित्र बदलतात. वांद्रे पूर्वमध्ये २०१९ साली शिवसेनेने आपल्या विद्यमान आमदार तृप्ती सावंत यांना तिकीट नाकारले. त्या अपक्ष उभ्या राहिल्या आणि २४ हजारांवर मते घेऊन गेल्या. काँग्रेसचे झिशान सिद्दीकी ५,७९० मतांनी जिंकले. २०२४ मध्ये झिशान अजित पवारांच्या राष्ट्रवादीकडून उभे होते आणि समोर ठाकरे गटाचे वरुण सरदेसाई होते. वडील बाबा सिद्दीकी यांची १२ ऑक्टोबरला हत्या झाली, त्याचे दुःख आणि सहानुभूती दोन्ही तिथल्या निवडणुकीत होती. पक्ष बदलल्यावर जुने मतदार सोबत येतात की नाही, ही तिथली खरी परीक्षा होती.

नजर ठेवावी अशा काही जागा

औरंगाबाद पूर्व: भाजपचे अतुल सावे यांनी २०१४ मध्ये एमआयएमचे गफ्फार कादरी यांना ४,२६० मतांनी आणि २०१९ मध्ये १३,९३० मतांनी हरवले. २०२४ मध्ये एमआयएमने इम्तियाज जलील यांना उतरवले. गफ्फार कादरी मात्र तेव्हा समाजवादी पक्षाकडून उभे होते, शिवाय काँग्रेस आणि वंचित बहुजन आघाडीचेही उमेदवार होते. जलील यांचे नाव मोठे होते, पण मागच्या दोन निवडणुकांतील उपविजेता याच मैदानात दुसऱ्या चिन्हावर उभा असणे ही त्यांची मोठी अडचण होती. सावे यांचा भक्कम पाया आणि समोरची विभागणी पाहता लढत अटीतटीची दिसत होती.

चांदिवली: २०१९ मध्ये शिवसेनेचे दिलीप लांडे यांनी काँग्रेसचे नसीम खान यांना फक्त ४०९ मतांनी हरवले. २०२४ मध्ये तेच दोघे पुन्हा समोरासमोर होते. ४०९ मते म्हणजे एका मोठ्या इमारतीतले मतदार. इथे अंदाज सांगणाऱ्यापेक्षा मतदारांना घराबाहेर काढणारा कार्यकर्ता जास्त मोलाचा आहे.

मानखुर्द-शिवाजीनगर: समाजवादी पक्षाचे अबू आसिम आझमी इथले विद्यमान आमदार. २०२४ मध्ये नवाब मलिक राष्ट्रवादीकडून, एमआयएमचे अतीक खान आणि शिंदे गटाचे सुरेश पाटीलही मैदानात होते. एकाच आघाडीतले दोन पक्ष परस्परांविरुद्ध उभे होते. जुना संपर्क आझमींच्या बाजूने होता, पण तीन मुस्लिम उमेदवारांमधील विभागणी किती होते यावर सगळे अवलंबून होते.

भिवंडी पूर्व: रईस शेख २०१९ मध्ये १,३१४ मतांनी निवडून आले होते. त्या वेळी समोर शिवसेना होती. २०२४ मध्ये महाविकास आघाडीत दोन्ही पक्ष एका बाजूला आल्याने त्यांचे पारडे मागच्या वेळेपेक्षा जड वाटत होते.

कागल: कोल्हापूर जिल्ह्यातील या जागेचा उल्लेख मुद्दाम करतो. इथे मुस्लिम मतदार थोडे आहेत, तरी हसन मुश्रीफ १९९९ ते २०१९ या काळात सलग पाच वेळा निवडून आले. २०१९ मध्ये त्यांनी समरजितसिंह घाटगे यांना २८,१३३ मतांनी हरवले. २०२४ मध्ये घाटगे शरद पवारांच्या पक्षाकडून उभे होते, त्यामुळे लढत आधीपेक्षा कठीण होती. पण आडनाव पाहून जिंकण्या-हरण्याचा हिशोब मांडणाऱ्यांना २०१९ पर्यंत कागलने पाच वेळा खोटे ठरवले होते. साखर कारखाना, दवाखान्यासाठी मदत आणि गावोगावचा संपर्क यांनाही मते मिळतात.

चिन्ह आणि नावाचा घोळ

कोणत्याही अंदाजात न मावणारी एक गोष्ट म्हणजे मतदान यंत्रासमोरचा गोंधळ. लोकसभेला साताऱ्यात शशिकांत शिंदे यांचा उदयनराजे भोसले यांच्याकडून ३२,७७१ मतांनी पराभव झाला. त्याच मतदारसंघात 'तुतारी' असे नाव दिलेले पण वेगळे, म्हणजे पिपाणीचे चिन्ह घेतलेल्या एका अपक्षाला ३७ हजारांवर मते पडली. शिंदे यांचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. सगळीच मते चुकून पडली असे म्हणता येणार नाही, पण किती जणांची फसगत झाली असेल याचा विचार करावा.

एका मतदान यंत्रावर 'नोटा' धरून १६ बटणे असतात. उमेदवार १५ पेक्षा जास्त असले की दुसरे यंत्र जोडावे लागते. घरातील वडीलधाऱ्यांना, विशेषतः लिहिता-वाचता न येणाऱ्यांना, आपल्या पसंतीच्या उमेदवाराचे नाव, फोटो, चिन्ह आणि क्रमांक आधीच समजावून सांगणे हे घरातल्या मुला-मुलींचे काम आहे. कोणाला मत द्यायचे ते त्यांनी ठरवावे, ते मत योग्य जागी पडेल याची मदत आपण करावी.

वारे कुठून वाहते?

मतदारसंघाच्या गणितावर राज्यभराचे वारेही परिणाम करते. २०२४ मध्ये सर्वांत मोठा विषय होता 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचा. २१ ते ६५ वयाच्या, अडीच लाखांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्नाच्या कुटुंबातील महिलांच्या खात्यावर दरमहा १,५०० रुपये येत होते. महायुतीने ही रक्कम २,१०० करण्याचे, तर महाविकास आघाडीने ३,००० देण्याचे आश्वासन दिले होते. आपल्या मोहल्ल्यांतही असंख्य भगिनींच्या खात्यात हे पैसे आले. त्यांनी कोणाला मत द्यावे हे आम्ही सांगणार नाही. इतकेच सांगू की सरकारी योजनेचा पैसा जनतेच्या करांतून येतो. तो घेतला म्हणून मत देणे बंधनकारक होत नाही, आणि योजना आवडली म्हणून मत दिले तर त्यात कमीपणाही नाही.

दुसरे वारे शेतातून येते. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल असताना बाजारात त्याहून कमी दर मिळत होता. विदर्भाच्या ६२ आणि मराठवाड्याच्या ४६ जागांवर याची नाराजी ऐकू येत होती. लोकसभेला नाशिक पट्ट्यात कांद्याच्या निर्यातबंदीने असेच केले होते. तिसरे वारे आरक्षणाचे. मराठवाड्यात लोकसभेच्या आठपैकी सात जागा महाविकास आघाडीकडे गेल्या, त्यामागे मराठा आंदोलनाचा मोठा वाटा मानला गेला. मनोज जरांगे यांनी ४ नोव्हेंबरला उमेदवार उभे न करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यानंतर ती मते कुठे जातात आणि त्याला उत्तर म्हणून ओबीसी मतदार किती एकत्र येतात, यावर अनेक जागांचा निकाल ठरणार होता.

पाहण्या, वाहिन्या आणि सट्टा

मग वाहिन्यांवरच्या पाहण्यांचे काय? राज्यभरातून काही हजार लोकांना विचारून एकूण कल कळू शकतो. पण २८८ जागांत विभागले तर एका मतदारसंघाच्या वाट्याला मोजकीच माणसे येतात. त्यावरून "अमुक जागा अमुकची" असे सांगणे म्हणजे दोन मुलांचे पेपर तपासून संपूर्ण वर्गाचा निकाल लावणे. शिवाय अनोळखी माणसाने दारात येऊन विचारले तर आपल्यापैकी किती जण खरे उत्तर देतात?

अनुभव २०२४ चाच आहे. जूनमध्ये बहुतेक वाहिन्यांनी केंद्रातील सत्ताधारी आघाडीला ३५० च्या पुढे नेले होते. प्रत्यक्षात तिला २९३ जागा मिळाल्या, भाजपला २४०. ऑक्टोबरमध्ये हरियाणात काँग्रेस येणार असे जवळजवळ सर्वांनी सांगितले, तिथे ९० पैकी ४८ जागा भाजपने जिंकल्या. दोन्ही पक्षांच्या मतांमध्ये एक टक्क्याहून कमी फरक होता. एकदा अंदाज एका बाजूने चुकला, एकदा दुसऱ्या बाजूने. म्हणजे आपल्या मनासारखी पाहणी आली म्हणून आनंद मानण्यातही अर्थ नाही. मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत जनमत पाहण्या दाखवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि सर्व मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्या जाहीर करता येत नाहीत. कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होते की अंदाज मतदाराला हलवतो.

सट्टाबाजाराच्या 'भावां'ची बातमी तर काही लोक निकालच असल्यासारखी सांगतात. सट्टा आपल्या दीनमध्ये हराम आहे आणि कायद्यानेही गुन्हा आहे. पण आमच्या तरुणांनी हेही लक्षात घ्यावे की तिथे भाव लावणाऱ्याला मतदाराच्या मनातले काही कळत नसते, त्याला फक्त पैसे कुठे लागले आहेत ते कळते.

'निवडून येण्याची क्षमता' हा शब्द

या अंदाजांच्या खेळात आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा मतदानाआधीच, तिकीटवाटपाच्या वेळी घडून जातो. पक्षांच्या बैठकांत एक शब्द नेहमी वापरला जातो, 'निवडून येण्याची क्षमता'. अर्जदार शिकलेला आहे का, त्याने काम केले आहे का, हे प्रश्न मागे पडतात. तो येऊ शकेल का, एवढेच पाहिले जाते. आणि हे पाहणारे लोक जुन्याच समजुतींनी पाहतात.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लिम लोकसंख्या ११.५४ टक्के आहे. त्या प्रमाणात २८८ पैकी सुमारे ३३ आमदार व्हायला हवेत. २०१९ मध्ये निवडून आले १०. २०२४ च्या लोकसभेला तर दोन्ही आघाड्यांनी ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. महिलांची स्थिती याहून वेगळी नाही. राज्यातील जवळजवळ निम्मे मतदार महिला, पण २०१९ मध्ये निवडून आलेल्या महिला आमदार २४.

यात एक चक्र आहे. उमेदवारी मिळत नाही म्हणून निवडून येत नाहीत, आणि निवडून येत नाहीत म्हणून क्षमता नाही असे ठरवून उमेदवारी मिळत नाही. वर्गात एखाद्या मुलाला "तुला गणित येणारच नाही" म्हणून फळ्याजवळ कधी बोलावलेच नाही, तर त्याला गणित कसे येणार? आणि मग परीक्षेत तो नापास झाला की "बघा, मी म्हणत होतोच" असे म्हणायचे! अंदाज इथे नुसता अंदाज राहत नाही, तो निकालच लिहून टाकतो.

याचा अर्थ केवळ आपल्या धर्माचा आहे म्हणून कोणालाही मत द्यावे असा नाही. नाव आपले आणि पाच वर्षांत मोहल्ल्यात फिरकला नाही, असे उमेदवारही आपण पाहिले आहेत. मुद्दा इतकाच की "हा येऊ शकत नाही" हे वाक्य कोणी, कोणत्या आधारावर म्हटले हे विचारायला आपण शिकले पाहिजे.

घरातले मत कोणाचे?

अनेक घरांत असा संवाद होतो. सून विचारते, "अम्मी, तुम्ही कोणाला मत देणार?" सासूबाई म्हणतात, "अगं, अब्बा सांगतील त्याला. ते म्हणतात तोच येणार आहे." अब्बांना हे कोणी सांगितले? हॉटेलातल्या मित्राने. मित्राला कोणी सांगितले? मोबाईलने. अशा रीतीने एका घरातली पाच मते एका अनोळखी माणसाच्या संदेशावर पडतात.

आम्ही शिक्षक निवडणुकीच्या कामावर असतो, म्हणून खात्रीने सांगू शकतो की मतदान कक्षात मतदार एकटा असतो. व्हीव्हीपॅटमधली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. त्यावर मतदाराचे नाव नसते. आपण कोणाला मत दिले हे घरच्यांना, शेजाऱ्यांना किंवा पक्षाच्या कार्यकर्त्याला कळत नाही. घरात चर्चा जरूर व्हावी, मोठ्यांचा अनुभव ऐकावा, पण शेवटी बटण दाबणारे बोट ज्याचे, निर्णयही त्याचाच असावा.

मत 'वाया जाते' ही समजूतही तपासून पाहावी. उमेदवाराला वैध मतांच्या एक षष्ठांश मते मिळाली नाहीत तर त्याची अनामत जप्त होते. याचाच अर्थ असा की हरलेल्या उमेदवारालाही किती मते पडली याची नोंद होते, आणि पुढच्या तिकीटवाटपात ती पाहिली जाते. दुसरीकडे, केवळ एखाद्याला पाडण्यासाठी मते खाणारा उमेदवार उभा असेल, तर तेही मतदाराने ओळखले पाहिजे. दोन्ही बाजू तोलून ज्याला जे पटेल ते त्याने करावे. डोळे मिटून कोणाच्या मागे जाऊ नये.

खरे वाया जाते ते न दिलेले मत. २०१९ मध्ये राज्यात सुमारे ६१ टक्के मतदान झाले. तीन लाख मतदारांच्या मतदारसंघात याच प्रमाणाने १ लाख १७ हजार लोक घरी बसले असे होते. आणि आपण भांडतो कशावर? तिसऱ्या उमेदवाराने पाच हजार मते खाल्ली यावर! ४८ आणि ४०९ मतांचे निकाल आपल्याच राज्यातले आहेत.

मतदानाआधी करायच्या गोष्टी

 घरातील प्रत्येकाचे नाव यादीत कुठे आहे, मतदान केंद्र बदलले आहे का, हे आजच पाहून घ्यावे. १९५० या क्रमांकावर ते कळते. लग्न होऊन आलेल्या मुलींची नावे अनेकदा माहेरच्याच यादीत राहिलेली असतात, ते तपासावे. नाव तिथेच असेल आणि माहेर जवळ असेल तर मतदानाला जाऊन यावे.

मतदार ओळखपत्र सापडत नसेल तर आधार, पॅन, पासपोर्ट, वाहन परवाना किंवा फोटो असलेले बँकेचे पासबुक चालते. रेशन कार्ड चालत नाही. २०२४ मध्ये बहुतेक ठिकाणी मतदान सकाळी ७ ते सायंकाळी ६ पर्यंत होते. नक्षलग्रस्त भागातील काही केंद्रांवर वेळ कमी होती. सहा वाजण्याआधी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला मतदान करू दिले जाते, म्हणून रांग पाहून परत फिरू नये.

उमेदवाराचे शिक्षण, मालमत्ता आणि त्याच्यावरचे गुन्हे यांची माहिती त्याच्या प्रतिज्ञापत्रात असते. ती कोणालाही पाहता येते. "कोण येणार?" या चर्चेला आपण रोज अर्धा तास देतो. त्यातली दहा मिनिटे आपल्या मतदारसंघातील मुख्य उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे वाचायला दिली, आणि ती घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली, तर "कोण यावा?" या प्रश्नाचे उत्तर शोधणे सोपे जाईल.

कोण येणार ते मतमोजणीच्या दिवशी यंत्रे सांगतातच, त्यासाठी आपल्या अंदाजाची त्यांना गरज नाही. गरज आहे ती मतदानाच्या दिवशी आपल्या मताची.